नानांचा तिसरा पट्टा

परवा संभाजीनगरला लेकीकडे गेले होते. तिथल्या एका चकचकीत दुकानात, भाजीच्या थंडगार कपाटात, हुरडा दिसला. सोललेला, पाखडलेला, पारदर्शक पिशवीत बंद केलेला. वर सूचना, नुसता गरम करा आणि खा. लेक म्हणाली, "आई, घ्यायचा का? तुला आवडतो ना?" घेतला. घरी येऊन तव्यावर गरम केला, वाटीत काढला आणि वाटी हातात धरून बसून राहिले. लेक फोनवर, जावई बाहेर, नात क्लासला. हुरडा निवत चालला आणि मला तो तोंडात घालवेना. शेवटी नात आली तेव्हा तिच्या हातावर घातला. "आजी, हे कुठलं पॉपकॉर्न?" तिनं विचारलं.

आपण केलेला हुरडा आपण खायचा नाही, हा नियम आमच्या घरचा नाही. तो नानांच्या घरचा. पण इतके हिवाळे त्यांच्या हुरड्याच्या आगटीशेजारी बसून काढले, की तो माझ्याही हाताला लागला.

नाना म्हणजे रंगनाथराव म्हस्के, जाफराबादच्या एसटी स्टँडचे कंट्रोलर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. शाळा टेंभुर्णीच्या वाटेवर, त्यामुळे रोज सकाळी जालन्याच्या गाडीला माझी हजेरी असायची. शिवाय आमच्या घरच्यांचं शेत नानांच्या शेताला लागून. म्हणजे सोमवार ते शनिवार मी त्यांची प्रवासी आणि रविवारी शेजारीण.

आमचं स्टँड म्हणजे काय, दोन फलाट, एक रसवंती आणि उन्हाला पसरलेली कुत्री. पण नाना भोंग्यावर बोलायला लागले की त्याच स्टँडला एकदम रुबाब यायचा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. टेंभुर्णी, देऊळगाव राजा मार्गे जालन्यास जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि बटण बंद झालं की तेच नाना खिडकीतून ओरडायचे, "अय गण्या, म्हैस बांध तिकडं! फलाट हाये का गोठा हाये तुह्या बापाचा?" कधीकधी बटण बंद करायचं राहून जायचं. मग ते सगळं गाव ऐकायचं.

घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. गळ्यात शिट्टी. कंट्रोलरला शिट्टी लागत नाही, पण नानांना लागायची. वेळ झाली की खिडकीतून अर्धे बाहेर यायचे, मनगट उलटं करून बघायचे आणि शिट्टी फुंकायचे. मग कोणी धावत असो की रडत असो. एका पुढाऱ्याच्या माणसानं एकदा गाडी थांबवायला सांगितली, तेव्हा नाना म्हणाले होते, "गाडीला भाऊ न्हाई, बहीण न्हाई. गाडीला टाइम हाये." हे वाक्य पुढं सगळ्या तालुक्यात पसरलं. लोक उशिरा आलेल्या नवरदेवालाही ते ऐकवायचे. मीही एकदा निऱ्या हातात धरून गाडीमागे पळाले होते. नानांनी मला पाहिलं आणि शिट्टी वाजवली. दुसऱ्या दिवशी मी फुगून बसले होते, तर खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, रोजच्या रोज जरा जल्दी निघत जा. पोरांना टाइम शिकविता ना तुम्ही?" खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. आपल्याकडे कोणीतरी एक माणूस वेळेवर आहे, एवढ्यावरसुद्धा माणसाला बरं वाटतं.

नानांचे थोरले भाऊ एकनाथदादा. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडून औत धरलं आणि नानांना शाळेत ठेवलं. दादांच्या अंगठ्याजवळचा घट्टा आणि नानांच्या अंगावरचा खाकी सदरा, या दोन्हींची कमाई एकाच शेतातली. हे नाना स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज भोंग्यावरचा राहत नसे.

एका हिवाळ्यात दादांच्या लेकीला, वर्षाला, जालन्याचं स्थळ आलं. पाहुण्यांनी मुलीला घेऊन जालन्यालाच बोलावलं होतं. गाव ते जाफराबाद काळीपिवळी जीप, तिथून जालन्याची गाडी, असा बेत. जीपचं टायर वाटेत बसलं. मागून आलेल्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दादांनी तिच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. मी जालन्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलेली. कंडक्टर येऊन नानांना म्हणाला, "दादानं सांगितलंय, गाडी जरा धरून ठेवा. आलेच ते."

नाना म्हणाले, "हूं."

मग त्यांनी मनगट उलटं केलं. गाडी फाटकाकडे वळली आणि मला समोरून दादा पळत येताना दिसले. फेटा हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात. मागे वहिनी आणि नव्या साडीत अडखळणारी वर्षा. दादांनी हात वर केला. ड्रायव्हरनं पाय आवरला आणि मान वळवून नानांकडे पाहिलं. सगळ्या गाडीनं पाहिलं. नानांनी शिट्टी वाजवली.

दादा ओरडले नाहीत. नंतर रसवंतीवाल्यानं सांगितलं, ते बाकावर बसले, शांतपणे फेटा बांधला, बायको आणि लेकीला उसाचा रस पाजला आणि आल्या वाटेनं परत गेले. जाताना एवढंच बोलले, "चल वर्षे. आपलं कोणी न्हाई हितं. हितं कंट्रोलर असतो." जालन्याचे पाहुणे दुपारपर्यंत थांबले, आणि मग परतूरची एक मुलगी बघायला निघून गेले. सोयरीक तिकडेच जुळली.

पुढे वर्षाचं शहागडला झालं. नवऱ्याचं हायवेवर जेवणाचं हॉटेल, ट्रकवाले थांबून राहतात, पोरगी मालकिणीसारखी गल्ल्यावर बसते. जालन्याच्या त्या मुलाचं काय झालं कोणास ठाऊक, पण वर्षा सुखात. ती तर नानांना भेटली की पाया पडून हसायची, "काका, बरं झालं गाडी सुटली. न्हाई तर एवढं मटण कोणी खाल्लं असतं?" जिच्यासाठी भांडण, तिनं ते कधीच गुंडाळून ठेवलं होतं. दोघं म्हातारे मात्र ते अंगावर घेऊन बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही धड जळत नव्हता.

नानांची आई तेव्हा होती. तिला सगळे माय म्हणत. ठेंगणी, काटक बाई. तिनं दोघांनाही समजावलं नाही, शपथा घातल्या नाहीत. पुस महिना लागला, ज्वारी हुरड्यात आली, तेव्हा तिनं बांधाजवळ आगटीचा खड्डा केला, गोवऱ्या पेटवल्या आणि एका बाजूला दादांना, दुसऱ्या बाजूला नानांना बसवलं. निखाऱ्यात कणसं खुपसली. मग म्हणाली, "आजपून आपल्या घरात ज्यानं चोळला त्यानं खायाचा न्हाई. दुसऱ्याच्या हातावर द्यायाचा. अन् ज्याला द्यायला माणूस न्हाई, त्यानं आगटी पेटवू न्हाई."

पोरंसोरं, सुना, आम्ही शेजारी, सगळे बघत होतो. दादांनी एक कणीस काढलं, दोन्ही तळहातांत धरून चोळलं, गोंडराची फोलपटं फुंकून टाकली. गरम हिरवे दाणे मुठीत. नानांनी त्यांच्यासमोर हात केला. दादांनी मूठ उघडली. मग नानांनी चोळला आणि दादांनी हात केला. खाली मान घालून दोघं एकमेकांना असं भरवत राहिले. मायच्या डोळ्यांत धूर गेला होता की काय ते तिला माहीत. ती असेपर्यंत दर हिवाळ्यात हे असंच. बोलणं नाही, पण हातावर हुरडा ठेवताना बोटं बोटांना लागायची.

माय गेली. ती गेली त्या वर्षी दादांनी आपल्या भागात बाजेवर बसून बिडी ओढली, पण बांधाकडे आले नाहीत. धाकट्यानं बोलवायला यावं, हे त्यांचं म्हणणं बरोबर. थोरल्यानं एवढं धरून बसू नये, हे नानांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. पुढे वहिनीही वारल्या. दादा एकटे राहिले. त्यांच्या शेतात हुरड्याची सगळ्यात गोड जात, कुचकुची ज्वारी, यायची, आणि तिची सगळी कणसं तशीच वाळून खळ्यात जायची. आगटी एकदाही पेटली नाही. द्यायला माणूस नव्हता ना.

नाना रिटायर झाले आणि शेतावर राहायला आले. मुलगा संदीप पुण्याला कंपनीत, सून मृणाल मूळची पुण्याचीच, नात गार्गी. नाताळच्या सुट्टीत हे तिघं आठवडाभर गावाकडे यायचे. आठवडा कुठला, ते शेवटपर्यंत नक्की नसायचं. कधी शाळेची सुट्टी सरकायची, कधी संदीपची रजा. आणि हुरडा तर कोणासाठी थांबत नाही. चिकातून दाणा भरला की आठ-दहा दिवसांची गंमत, मग कणीस निब्बर होतं. एक वर्ष मंडळी उशिरा आली तेव्हा नानांनी कणसं ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या फ्रिजमध्ये कोंबली होती. आमच्या घरचे पाणी प्यायला फ्रिज उघडतात तर बाटल्यांच्या जागी अर्धं शेत. त्या कणसांचं पुढं चामडं झालं. सूनबाईंना मात्र नानांनी "आत्ताच मोडलीत" म्हणून खाऊ घातली. ती बिचारी चावत बसली.

त्यानंतर नानांनी युक्ती काढली. ज्वारी एकदम पेरायची नाही, तीन पट्ट्यांत पेरायची. पहिला पट्टा पोळा झाल्यावर, दुसरा पितृपंधरवड्यात, तिसरा घट बसल्यावर. मंडळी नाताळाच्या आधी येवोत, नाताळात येवोत की नवं वर्ष लागल्यावर, एक तरी पट्टा हुरड्यात सापडणारच. सगळं गाव हसलं. तिफण तीन वेळा धरायची, पाखरं तीन महिने राखायची, ते कशासाठी, तर पुण्याच्या पोरीनं चार कणसं खावीत म्हणून! दादा आपल्या शेतातून हे सगळं बघत होते. एक दिवस मी बांधावर भाजी खुडत असताना ते आभाळाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "गाडी थांबविली न्हाई. आता ज्वारी थांबवून राह्यलाय."

नाना तिफणीमागे होते. त्यांना ऐकू गेलं. ते थांबले, मग पुन्हा चालायला लागले. त्या दिवसापासून 'गाडीला भाऊ न्हाई' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पाखरं हाकलायला नानांनी कुठून तरी एक जुना भोंगा आणला होता. सकाळी धुक्यात आवाज यायचा, "चिमण्यांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक दोन ताबडतोब रिकामा करावा." आणि त्यावर पाखरं हलली नाहीत की बटणाचा विसर पडून, "अय भवाने, ऊठ ना!" गार्गी हे ऐकून लोळायची. मग आजोबा-नात दोघं मिळून पाखरांच्या गाड्या सोडायचे. "विदर्भाकडे जाणाऱ्या पोपटांनी घाई करावी," अशी तिची घोषणा.

त्या आठवड्यातले नाना बघायला मी मुद्दाम जायची. रोजचा माणूस वेगळा, हा वेगळा. पहाटेच आंघोळ, कपाळाला बुक्का, डोक्याला मफलर, पायात संदीपनं आणलेले पांढरे बूट. मृणालनं पहिल्या वर्षी कागदी ताटल्या आणल्या होत्या. नानांनी त्या आगटीत घातल्या. "सूनबाई, हुरडा ताटात आला की त्याचा भात होतो. हात करा." तिनं घाबरत हात केला. चटका बसला, "आई गं" म्हणाली, आणि खाल्ल्यावर पुन्हा हात केला. मग दही, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, बोरं. गार्गीच्या तळहाताला कणीस सोसायचं नाही. ती रुमालात धरून चोळायची, निम्मे दाणे राखेत पडायचे, उरलेले गोंडरासकट आजोबांच्या हातावर ठेवायची. नाना ते डोळे मिटून खायचे. "बिलकुल मायच्या हातचा," म्हणायचे. नाकाला गोंडर चिकटलेलं. इतका सुखी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. पण खाऊन झालं की त्यांची नजर बांधापलीकडे जायची. पलीकडे दादा पाठमोरे बसलेले असायचे. धूर नेमका तिकडे जायचा आणि त्यांचा खोकला ऐकू यायचा.

गार्गी चौथीत असेल. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, त्या आजोबांना कोण देतं?"

"त्यांना दात न्हाईत," नाना म्हणाले.

थोड्या वेळानं ती बांधावरून धावत आली. "आजोबा, ते तर ऊस खाऊन राह्यलेत. दातानं सोलून!" पुण्याच्या पोरीच्या तोंडी आमची भाषा ऐकून सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी आगटीत काडी फिरवली. मी म्हणाले, "नाना, उठा ना. एक मूठ तर द्यायची." तर म्हणाले, "देतो बाई. यंदा न्हाई. त्यानं हात पुढं केला न्हाई तं? समद्यांच्या म्होरं?" भीती होती ती. जन्मभर शिट्टी फुंकलेल्या माणसाला एका रिकाम्या हाताची भीती.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या वर्षी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नाना उठले. एक जाड कणीस निवडून भाजलं होतं. ते चोळलं, पाखडलं आणि मूठ बंद करून बांधाकडे निघाले. संदीप उठून उभा राहिला. नाना बांध ओलांडून दादांच्या आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या घरापर्यंत गेले, बाज रिकामी बघून दाराशी गेले. दाराला कुलूप. सालगड्यानं सांगितलं, सकाळीच वर्षाताई गाडी घेऊन आल्या, खोकला वाढलाय म्हणून दादांना शहागडला घेऊन गेल्या.

नाना मूठ तशीच धरून परत आले. दाणे गार झाले होते. ते त्यांनी गार्गीच्या हातावर घातले आणि म्हणाले, "येईल तो संक्रांतीला. तिसरा पट्टा हाये की."

मंडळी पुण्याला गेली. तिसरा पट्टा हुरड्यात आला. नाना कोणाला कणसाला हात लावू देईनात, मलासुद्धा नाही. भोंगा दिवसभर सुरू. मी दोनतीनदा सांगितलं, "नाना, बसा गाडीत आणि जा शहागडला. तुम्हाला काय, गाड्या तोंडपाठ." ते म्हणायचे, "तसं न्हाई बाई. लेकीच्या घरी जाऊन काय देऊ? गार हुरडा? त्याच्या बांधावर, त्याच्या बाजंवर, गरम द्यायचा मला. येऊन तं राह्यलाच हाये तो." फोनवर वर्षा म्हणायची, बाबा आता बरे आहेत, पुढच्या आठवड्यात आणते. पुढचा आठवडा आला की त्याच्या पुढचा. संक्रांत झाली. मी एक कणीस चिमटीत दाबून पाहिलं, तर दाणा कडक. नानांनीही पाहिलं होतं. त्यांनी भोंगा बंद केला. पाखरं येऊन बसली ती बसलीच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी वर्षाचा फोन आला. दादा पहाटे झोपेतच गेले होते.

आमच्या घरच्यांनी गाडी काढली. मी आणि नाना मागे बसलो. नाना सारखे मनगट उलटं करून बघत होते. जालन्यात गाड्यांच्या गर्दीत अडकलो, अंबडच्या पुढे रस्त्याचं काम. नाना पुटपुटले, "न्हाई थांबणार ते. दिवस मावळायच्या आत उचलाया लागतं. कोण थांबल माह्यासाठी?"

शहागडला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. अंगणात माणसं उभी, तिरडी बांधून तयार. वर्षाचे सासरे आणि गावातले दोनचार जाणते तिला समजावत होते, की पोरी, किती वेळ, गोदेवर पोचायला अंधार होईल. वर्षा उंबऱ्यात बसली होती. तिचा आवाज मला गाडीतून उतरतानाच ऐकू आला.

"थांबा म्हणते ना. माहा काका येऊन राह्यलाय. तो आल्याबिगर उचलायचं न्हाई."

नाना गाडीचं दार धरून उभे राहिले. ती उठून आली, हाताला धरून त्यांना बापाजवळ घेऊन गेली. नाना दादांच्या उजव्या हाताशी बसले. तो हात त्यांनी आपल्या तळहातावर घेतला. बराच वेळ घेतला, आणि कोणी त्यांना घाई केली नाही.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "बाई, तवा मी घड्याळाकडं पाह्यलं. दादाकडं पाह्यलंच न्हाई. पाह्यलं असतं तं शिट्टी वाजली नसती माह्यानं." मला आजही वाटतं, जालन्याच्या गाडीनं त्या दिवशी थोडा उशीर केला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? आम्हां मास्तरांच्या शाळेचा एक तास बुडाला असता, बस.

पुढच्या वर्षी नाना खंगले. तीनदा तिफण धरायचं बळ राहिलं नव्हतं. एकच पट्टा पेरला, तोही दुसऱ्याच्या हातानं. घड्याळ बांधणं सोडलं होतं. मनगटाच्या आतली गोरी पट्टी तेवढी दिसायची. वर्षाला त्यांनी स्वतः फोन करून हुरड्याला बोलावलं. तीही "येते काका" म्हणाली, पण नाताळात हायवेवर गिऱ्हाईक फार, तिला सुट्टीचा शेवटचा दिवसच मोकळा मिळाला.

त्या दिवशी पुण्याची गाडी सामान भरून उभी. संदीप घाई करत होता, दुसऱ्या दिवशी त्याचं ऑफिस. वर्षाचा पत्ता नाही. शेवटी संदीपनं गाडी सुरू केली, तेव्हा नाना काठी टेकत आले आणि बोनेटवर हात ठेवून समोर उभे राहिले.

"थांब."

"नाना, खूप उशीर होईल हो."

"होऊ दे. वर्षी येऊन राह्यलीय. तिच्याबिगर गाडी सुटणार न्हाई."

संदीपनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि चावी काढून खिशात घातली. गार्गीनं टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे पुन्हा आगटीभोवती जाऊन बसलो. वर्षा आली तेव्हा निखाऱ्यांवर राख धरली होती. नानांनी ती फुंकली, एक कणीस भाजलं, आपल्या हातांनी चोळलं. दाणे सुटेनात. मृणाल मदतीला पुढे झाली, तिला त्यांनी नको म्हटलं. शेवटी मूठ भरली. वर्षा समोर बसली होती, जिथे दादा बसायचे तिथे. तिनं न सांगता हात पुढे केला.

"ही तुह्या बापाची," नाना म्हणाले.

तिनं ती सगळी तोंडात टाकली. आम्ही तिच्याकडे बघत होतो. नाना तर तोंड अर्धवट उघडं ठेवून, लहान मुलासारखे.

"निब्बर झालाय का गं?"

"न्हाई काका," वर्षा चावत म्हणाली. "कवळा हाये. लई गोड हाये."

मग तिनं उरलेलं कणीस चोळलं, निम्मे दाणे नानांच्या हातावर दिले, निम्मे माझ्या. नानांनी डोळे मिटून खाल्ले. मीही खाल्ले. दाताखाली खडा यावा तसे लागत होते.